अकोला लॅबच्या कमलताई

ऑलिंपिकमध्ये बर्फावर स्केटिंग करणाऱ्या पोरींच्या डोक्यात पोतं घालावं, म्हणजे कोण कोणत्या देशाची ते परीक्षकांना कळणार नाही आणि मार्क बरोबर पडतील, असा प्रस्ताव जगापुढे पहिल्यांदा गेला तो अकोल्यातून. मांडणाऱ्या होत्या कमलताई निमकाळे. इंग्रजीत टाइप केला मी. याबद्दल कोणी जाब विचारलाच तर मी एवढंच सांगू शकते, की 'पोतं' या शब्दासाठी मला सापडला तेवढा सौम्य शब्द मी वापरला होता.

कमलताई आणि मी बियाणं तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये कामाला होतो. मी कॉम्प्युटरवर निकालाची पत्रं टाइप करायची आणि रोज अमरावतीहून येजा करायची. कमलताई उगवण मोजायच्या. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागदाची सुरळी करायची, ठरावीक दिवस उबेत ठेवायची आणि मग उघडून पाहायचं: किती चांगल्या उगवल्या, किती वेड्यावाकड्या म्हणजे 'अबनॉर्मल', किती मेल्या. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. बिया उचलायचा चिमटा अंबाड्यात खोचलेला असायचा. एकदा तशाच त्या एका लग्नाला गेल्या, आणि तिथल्या बायकांनी ती शहरातली नवी फॅशन समजून दोन दिवस चौकशी केली.

लॅबमध्ये नमुना यायचा तो नाव झाकून, नुसता नंबर लावून. कंपनीचा माणूस दिवाळीचा डबा घेऊन हळूच विचारायचा, "ताई, आमचा नमुना कोणता हो?" कमलताई डबा घ्यायच्या, त्यातली बर्फी खायच्या आणि म्हणायच्या, "मले काय माहीत? त्यानं आपलं नाव नाई सांगतलं."

ही मोजायची सवय लॅबपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. चहावाल्याच्या तीन कपांत चहा सारखा आला नाही, तर त्या त्याला सांगायच्या. कोणाच्या घरी पोळी वाढली, की ती कुठं जाड राहिली ते बोटानं दाखवायच्या. स्वतःचं लग्नही त्यातून सुटलं नव्हतं. सहा महिन्यांत त्या माहेरी परत आल्या होत्या. का, असं मी एकदा विचारलं. "अबनॉर्मल," त्या म्हणाल्या. नवरा की सासर की एकूण संसार, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या चष्म्यावरून येणारी नजर पाहून मीही पुढे गेले नाही.

माहेर हिवरखेडचं. धाकटा भाऊ ज्ञानू अकोल्यात येऊन फुलांचा धंदा करायचा: झेंडू, शेवंती, निशिगंध. कमलताई त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहायच्या. त्याची मुलगी ऋतुजा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. या पोरीला चाकांच्या बुटांचं वेड लागलं होतं. नुसतं पळायचं नव्हतं, गाण्यावर गिरक्या आणि उड्या घ्यायच्या होत्या. बाप म्हणाला, पाय मोडशील. मग तिनं आत्याला वश करायला फोनवर बर्फावरच्या स्केटिंगचा एक व्हिडिओ दाखवला.

"पुन्हा लाव," आत्या म्हणाली.

पोरीनं पुन्हा लावला.

"आता हळू करता येते का हे?"

हळू करता येतं, हे कळल्यावर कमलताईंनी फोन दोन तास परत दिला नाही. ऋतुजाला बूट मिळाले. कमलताईंना काय मिळालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत समजलं. भाकरीचा तुकडा हवेत धरून त्या म्हणाल्या, "रंजे, ही पोट्टी हवेत तीन फेऱ्या घेतो म्हनते. मी मोजल्या. पाऊनेतीन हायेत. अन् थ्या लोकायनं तिले तिनाचे मार्क देल्ले!"

तिथून सुरुवात झाली. स्पर्धा आपल्याकडच्या रात्री व्हायच्या. कमलताई नऊ वाजता झोपणाऱ्या, त्यामुळे आम्ही ते दुसऱ्या दिवशी जेवताना पाहायचो. परदेशी नावं त्यांना उच्चारता यायची नाहीत आणि तशी इच्छाही नव्हती. त्यांनी सगळ्यांना आपली नावं दिली. उंच, गोरी, मान लांब असलेली ती निशिगंध. बुटकी, गोलमटोल, पण चेंडूसारखी उसळणारी ती ढेमसं. कायम तोंड पाडून बसणाऱ्या एका पुरुष खेळाडूचं नाव होतं 'बोंडअळी पडलेला'. वर्षभरात त्यांना इतकं समजायला लागलं, की पाय उडीआधी बुटाखालच्या पात्याच्या आतल्या धारेवर होता की बाहेरच्या, ते त्या भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगायच्या.

एवढं ज्ञान अकोल्यात ऐकणार कोण? ज्ञानूला सांगितलं तर तो म्हणायचा, "ताई, तिकडे बर्फ पडते, आपल्याले काय करा लागते?" मग मीच इंटरनेटवर शोधून एक फोरम काढला. जगभरचे स्केटिंगचे चाहते तिथे इंग्रजीत भांडायचे. मी कमलताईंचं खातं उघडलं. नाव काय द्यायचं विचारलं, तर म्हणाल्या, "लॅबचं दे." मी 'अकोला लॅब' असं लिहिलं. त्यातून जो गोंधळ झाला तो आमच्या ध्यानीमनी नव्हता. तिथल्या लोकांना वाटलं, अकोला नावाच्या ठिकाणी खरोखरच उड्या मोजणारी एखादी प्रयोगशाळा आहे, यंत्रं आहेत, पांढरे कोट घातलेले शास्त्रज्ञ आहेत. पांढरा कोट होता, ते खोटं नाही. त्याच्या खिशात ठेच्याची डबी होती, एवढंच.

कमलताई सांगायच्या, मी टाइप करायची. "लिही, पाय टेकला तवा टाच अजून फिरून राहिली होती. पाव फेरी कमी." हळूहळू कुठलाही वाद पेटला की लोक विचारायला लागले, अकोला लॅब काय म्हणते? मी ते मराठीत सांगितलं, की त्या अंबाड्यातला चिमटा काढून पुन्हा खोचायच्या. खूश झाल्याची खूण ती.

तिथं त्यांचा एक पक्का वैरी होता. बर्फाळ देशातला निवृत्त पियानोशिक्षक. कमलताई त्याला 'मास्तर' म्हणायच्या. मास्तरांचं म्हणणं, की स्केटिंग ही कला आहे, ती फूटपट्टीनं मोजू नये. कमलताईंचं म्हणणं, की मग मार्क कशाला देता, टाळ्या वाजवा आणि घरी जा. कलेचे म्हणून जे वेगळे मार्क असतात ते चेहरा पाहून दिलेले असतात, हा त्यांचा ठाम आरोप होता, आणि पोत्याचा प्रस्ताव आला तो त्यातूनच. मास्तरांनी विचारलं, डोक्यात पोतं असताना त्या मुली उड्या मारणार कशा? कमलताई म्हणाल्या, "लिही, भोकं पाडा." मी लिहिलं.

एकदा मात्र त्या तोंडघशी पडल्या. ढेमशाची एक उडी त्यांनी पाव फेरी कमी ठरवली, आणि तीन आठवडे तिची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाला आंधळा म्हटलं. मास्तरांनी दुसऱ्या बाजूनं काढलेला व्हिडिओ कुठून तरी शोधून टाकला. कमलताईंनी तो पाहिला. जेवण तसंच ठेवून पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीवर बसायच्या आधीच समोर उभ्या.

"लिही. अकोला लॅबचा निकाल चुकला. नमुना पुन्हा तपासला. फेरी पूर्ण हाये. पहिलं पत्र रद्द समजावे."

"ताई, फोरमवर असं नाही लिहीत कोणी."

"जावक नंबर टाक."

मी जावक नंबरही टाकला. त्या फोरमवर चूक कबूल करायची कुणाला सवय नव्हती. त्यामुळे तिथं इतका आदर उसळला की मला अवघडल्यासारखं झालं.

मग ऑलिंपिकचं वर्ष आलं. एका देशाच्या तीन मुली जाणार होत्या. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत ढेमसं तिसरी आली आणि निशिगंध दोनदा पडून चौथी. निवड समितीनं ढेमशाला घरी बसवलं आणि निशिगंधला पाठवलं. तिची आधीची पदकं मोठी होती. फोरमवर आग लागली. अर्धे म्हणत, इतक्या वर्षांची कामगिरी एका दिवसावरून कशी पुसायची? अर्धे म्हणत, मग स्पर्धा घेतली तरी कशाला?

कमलताईंची खरी आवडती होती निशिगंध. ती पडायची तेव्हा त्या तोंडावर पदर घ्यायच्या. तरी त्या ढेमशाच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

"थे मले आवडते," त्या म्हणाल्या. "म्हनूनच तिले मोजाचं भेव वाटते. पन त्या दिवशी उगवलं कोन? ढेमसं. मागच्या साली हे वाण चांगलं होतं म्हनून यंदाची मेलेली बी जिती लिहू का मी?"

मास्तरांनी उत्तरात एकच प्रश्न विचारला. 'ती चौथी मुलगी तुमच्या घरची असती तर?'

मी वाचून दाखवलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "लिही. माही भाची असती तरी हेच."

मी लिहिलं. पाठवायच्या आधी हात थोडा थांबला होता, पण जेवणाची सुट्टी संपत आली होती.

महिनाभरानं अमरावतीला चाकांच्या स्केटिंगची विभागीय निवड चाचणी होती. ऋतुजाच्या वयोगटातून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती. गेल्या वर्षीचं विभागाचं पदक ऋतुजाचं, त्यामुळे ज्ञानू घरून झेंडूचा हार करूनच आला होता. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन. कमलताई आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. सकाळी आम्ही मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसलो. मी पोहे आणले होते. कमलताईंनी फोन आणला होता.

दुसरी मुलगी कौंडण्यपूरच्या बाजूच्या एका खेड्यातली होती, आचल नावाची. आई मंदाबाई बाजारात वांगी-टमाटे विकायची. आचलचे बूट कोणाचे तरी जुने, एक नंबर मोठे, पुढं मोजे कोंबलेले. तिच्या अंगावरच्या झग्याची चमक निम्मी गळून गेली होती. पण गाणं सुरू झालं आणि ती पोर हवेत दोन फेऱ्या घेऊन अशी उतरली, की माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. कमलताईंनी श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं.

ऋतुजा नंतर आली. ती नेहमीच छान दिसायची. पण त्या दिवशी दोन फेऱ्यांची उडी अपुरी राहिली आणि उतरताना तिनं हात टेकला.

ट्रॅकसूट घातलेल्या समितीप्रमुखांनी निकाल वाचला. गेल्या वर्षीची कामगिरी लक्षात घेऊन, ऋतुजा निमकाळे.

ज्ञानूनं फडक्यातून हार काढला आणि लेकीच्या गळ्यात घातला. त्याची बायको रडायला लागली. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. कमलताई फोनमध्ये पाहत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग चष्मा पुसला.

"रंजे, कागद हाये?"

"कशाला?"

"हाये का नाई?"

माझ्या पर्समध्ये मुलाची वही होती. त्यांनी मधलं पान फाडलं, मांडीवर ठेवून अर्ज लिहिला आणि उठून थेट मंदाबाईकडे गेल्या. ती बूट पिशवीत भरत होती.

"इथं सही करा."

"कायची सही?"

"तुमच्या पोरीचा निकाल चुकला. तिची उडी पुरी होती. दुसरीची नव्हती. माह्यापाशी व्हिडिओ हाये. हरकत पालकानंच घ्या लागते, म्हनून तुमची सही."

मंदाबाईनं आधी कागदाकडे पाहिलं, मग हार घातलेल्या ऋतुजाकडे. "थे तं तुमच्याच घरची पोरगी दिसते बाई. सकाळपासून तुमच्यापाशी बसून होती."

"भाची हाये."

"मंग?"

"मंग काय? सही करा."

तिनं केली. मला वाटतं घाबरून केली. कमलताई अर्ज घेऊन टेबलापाशी गेल्या. प्रमुखांनी तो वाचला आणि विचारलं, "बाई, तुम्ही नेमक्या कोणाकडून?"

"मी नमुन्याकडून," कमलताई म्हणाल्या.

त्यांना ते कळलं नाही. पण व्हिडिओ कळला. तोपर्यंत लोक गोळा झाले होते. कोणी म्हणालं, बाई बरोबर आहेत. कोणी म्हणालं, या बाईला घरी कोणी नाही का? ज्ञानू धावत आला. "ताई, तुले याड लागलं का? सोताच्या घरात आग लावून राहिली तू!" त्याच्या मागे ऋतुजा. गळ्यातला हार तिनं हातात घेतला होता.

"आत्या, तू माही हायेस का तिची?"

"तुहीच हाये वं."

"मंग काहून?"

तेवढ्यात समितीनं डोकी एकत्र केली आणि प्रमुखांनी जाहीर केलं: हरकतीमुळे फेरचाचणी. दोघी मुलींनी पुन्हा करून दाखवायचं, आत्ताच.

फेरचाचणी! लॅबमध्ये कोणी निकालावर तक्रार केली, की आम्ही हेच करायचो. कमलताईंचा चेहरा उजळला. "हे बराबर झालं," त्या म्हणाल्या आणि सतरंजीवर येऊन बसल्या.

ऋतुजा आधी गेली. ती आत्यावरच्या रागात स्केटिंग करत होती हे मैदानातल्या कुत्र्यालाही कळलं असतं. आणि इतकं चांगलं ती आधी कधीच करू शकली नव्हती. उडी पुरी, उतरणं साफ, शेवटच्या गिरकीत डोळे कोरडे आणि लाल. मग आचल आली. ती दमली होती. सकाळची सगळी ताकद तिनं सकाळीच देऊन टाकली होती. पहिल्याच उडीत मोठा बूट आत वळला आणि ती पडली. उठली, पुन्हा पडली.

निकाल तोच लागला. ऋतुजा.

यावेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंदाबाई लेकीचा गुडघा पदरानं पुसत होती. कमलताई जवळ गेल्या तेव्हा ती ओरडली नाही. तिनं ओरडायला हवं होतं.

"तुमी काहून उठवलं हो आम्हाले?" ती म्हणाली. "आमी घरी चाललो होतो. माह्या पोरीनं सकायी बराबर केलं होतं. हरली तं हरली, पन बराबर करून हरली होती. तिले चार मानसात पडाले लावलं तुमी."

कमलताई वळून टेबलाकडे गेल्या आणि प्रमुखांना म्हणाल्या, की दुसरं धरू नका, पहिलंच मोजा, मी पहिलंच मोजा म्हणून अर्ज दिला होता. प्रमुख दमले होते. "बाई, तुमच्याच अर्जावरून फेरचाचणी घेतली ना? आता काय?" आणि त्यांनी फाईल बंद केली.

आम्ही रिक्षानं माझ्या घरी परतत होतो. राजकमल चौक गेल्यावर त्या म्हणाल्या, "रंजे, फेरचाचणीले आपन त्याच पिशवीतले दुसरे दाने घेतो. उगवून आलेला दाना पुन्हा उगवाले लावतो का आपन?"

"नाही."

"मी लावला."

दोन दिवसांनी त्यांनी फोरमवरचा मजकूर सांगितला. काय घडलं ते सगळं, काहीही न गाळता. शेवटी: अकोला लॅबची चूक झाली, आणि ही दुरुस्त होत नाही. यावेळी त्यांनी जावक नंबर मागितला नाही. खाली बऱ्याच लोकांनी बरंच काही लिहिलं. मास्तरांनी थोडंच लिहिलं. एकदा एका विद्यार्थिनीनं परीक्षेत एक रचना फार सुंदर वाजवली होती. ती खरंच तिचीच करामत आहे ना, हे पाहायला त्यांनी तिला लगेच पुन्हा वाजवायला लावली. तिला जमली नाही. त्यानंतर ती कधीच क्लासला आली नाही. मास्तर अजून तिचं नाव विसरले नव्हते.

मी हे मराठीत सांगितलं. कमलताई म्हणाल्या, "म्हातारा बराबर मानूस हाये," आणि डबा उघडला.

घरी मात्र काही बरोबर नव्हतं. ज्ञानूनं बोलणं सोडलं. ऋतुजा राज्याला गेली, नववी आली, आणि आत्याला ते वर्तमानपत्रातून कळलं. कमलताईंचं ताट वेळेवर वरच्या खोलीत यायचं, पण त्यात ठेचा नसायचा. वहिनीनं घातलेला हा बहिष्कार होता आणि कमलताईंना तो सगळ्यात झोंबला. "भावाचं न बोलनं समजते," त्या मला म्हणाल्या, "पन मिरचीनं काय केलं?"

एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीनं मंदाबाईच्या गावाला गेलो. वाटेत कौंडण्यपूरच्या देवळात जायचं का, असं मी विचारलं. "देवाचं काई नाई घेतलं मी," त्या म्हणाल्या. मंदाबाई घरामागच्या वाफ्यात वांगी तोडत होती. आम्हाला पाहून तिनं नुसतं "या" म्हटलं. चहा झाला. आचल दारात उभी होती. कमलताईंनी फोन काढला आणि तिला सकाळची, पहिली उडी दाखवली. हळू करून. एकेक चित्र थांबवून.

"हे पाय, इथं चाक टेकलं. पाय कुठी हाये? सरळ. पुऱ्या दोन. कमी नाई, जास्त नाई."

पोर वाकून पाहत राहिली. स्वतःला हवेत तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग कमलताईंनी पिशवीतून लॅबच्या निकालासारखा हातानं आखलेला कागद काढला. आचलचं नाव, तारीख, फेऱ्या दोन, उतरणं स्वच्छ, शेरा: उत्तम. खाली सही, कमल निमकाळे, उगवण विभाग.

आचलनं तो वाचला. "याचं मी काय करू?"

"काई नाई. ठेव."

"शाळेत मार्क भेटतीन का याचे?"

"नाई."

ती हसली. पहिल्यांदाच. मंदाबाईनं निघताना आमच्या पिशवीत पाच-सहा वांगी टाकली, पण 'पुन्हा या' असं म्हणाली नाही. पुढं आचलनं स्केटिंग सोडलं आणि कबड्डी धरली. तिथं पडलं तरी गुण मिळतात, असं तिच्या आईनं बाजारात भेटल्यावर मला सांगितलं. यात टोमणा किती आणि समाधान किती, ते मी मोजायला गेले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कमलताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांच्या अचूकतेबद्दल भाषण केलं, आणि त्यांनी त्यातल्या दोन चुका जागेवर सांगितल्या. त्यानंतर काही महिन्यांत माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. घर आवरणं, शाळेचे दाखले, सिलिंडर परत देणं, या धावपळीत अकोल्याला जाऊन त्यांना भेटायचं राहून गेलं.

निघायच्या आठवड्यात, डिसेंबरात, सकाळी मी त्या मैदानावरून चालले होते. थंडी होती. आत चाकांचा आवाज येत होता म्हणून सहज डोकावले. अकोल्यासकट सगळ्या विभागातल्या मुलींचं शिबिर चालू होतं. आणि सिमेंटच्या कडेला, नऊवार नव्हे, साधं गोल नेसलेली एक बाई पोटावर पालथी झोपली होती. गाल जमिनीला लावलेला, हातात फोन आडवा धरलेला. पहारेकरी वाकून विचारत होता, "बाई, चक्कर आली का?"

"सरक तिकडे," कमलताई म्हणाल्या. "उजेड अडवून राहिला."

मैदानावर ऋतुजा होती. वर्षभरात उंच झाली होती. ती आत्याकडे बघत नव्हती, अगदी ठरवून बघत नव्हती. एवढं मोठं मैदान पडलं होतं. पण ती लांबून वेग घेत यायची आणि उडी मारायची ती नेमकी त्या फोनच्या समोर. उतरायची, केस मागे सारायची आणि दुसरीकडे पाहत निघून जायची. कमलताईही मान वर करून, पापणी न हलवता, पुढच्या उडीची वाट पाहायच्या.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ऋतुजा परत येताना थांबली. तिनं अंगातलं जॅकेट काढलं आणि न बघताच आत्याच्या कोपरांपाशी टाकलं. थंड सिमेंटवर. मग ती पुन्हा लांब गेली, वेग घ्यायला.

कमलताईंनी ते जॅकेट एका हातानं छातीखाली ओढून घेतलं. दुसऱ्या हातातला फोन जराही हलू दिला नाही.

मी हाक न मारताच बाहेर आले.